वाचकांचे प्रश्न : उंदरांनी कुरतडलेली चित्रे आणि उमेदवारांची नीती

मागील अंकातील एका टिपणात, जपानच्या शिक्षण खात्याने १८७३ साली लहान मुलांसाठी लाकडी ठशांवरून छापून घेतलेल्या रंगीत चित्रांचा ओझरता उल्लेख आला होता. दुकानात किंवा कारागिराच्या हाताखाली उमेदवारी करणाऱ्या पोरांना वळण लावण्यासाठी जपानात चित्रांचा उपयोग फार पूर्वीपासून होत असे, असेही त्यात म्हटले होते. त्यावर वडोदऱ्यातील वाचकांनी बरेच खोलात जाऊन प्रश्न विचारले आहेत. हे शहर कलाभवन या कलाकौशल्य शिकवणाऱ्या संस्थेचे आणि ललितकला विद्याशाखेचे असल्यामुळे त्याचे नवल वाटले नाही. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी हस्तव्यवसायाचा शिक्षक म्हणून निवृत्त झालो. माझा अनुभव असा, की भिंतीवर टांगलेली नीतिवाक्ये मुले वाचत नाहीत. जपानी उमेदवारांपुढे ही चित्रे नेमकी कोण ठेवत असे, आणि त्यांत काय असे? (दांडिया बाजार)

उत्तर : प्रथम त्या पोराची दिनचर्या डोळ्यांसमोर आणावी, म्हणजे चित्रांचे प्रयोजन कळेल. तोकुगावा राजवटीत, म्हणजे १६०३ ते १८६८ या काळात, क्योतो, ओसाका किंवा एदो (आजचे तोक्यो) येथील व्यापारी पेढीवर साधारण दहा-बारा वर्षांचा मुलगा ठेवला जाई. त्याला पगार नसे. जेवण, राहणे आणि हंगामानुसार कपडे एवढेच मिळे. झाडलोट करणे, निरोप पोचवणे, मालकाचे मूल सांभाळणे ही दिवसाची कामे. रात्री दुकान बंद झाल्यावर वडीलधारे कारकून त्याच्याकडून अक्षरे गिरवून घेत आणि मणिचौकटीवर हिशेब करून घेत. घरी जाण्याची सुट्टी वर्षातून दोनदा, पहिल्या आणि सातव्या महिन्याच्या सोळा तारखेला. वर्षानुवर्षे टिकला तर तो कारकून होई, पुढे मुख्य कारकून, आणि नशीब फळफळले तर मालक त्याला दुकानाचे नाव वापरण्याची परवानगी देऊन वेगळी शाखा काढून देई. कारागिराकडे शिकणाऱ्या मुलाची गतही अशीच. त्याची मुदत दहा वर्षांच्या आसपास असे, आणि ती संपल्यावर उपकाराची फेड म्हणून आणखी काही काळ गुरूच्या घरी राबण्याची प्रथा होती.

आता अशा मुलाने पळून जाऊ नये, गल्ल्यात हात घालू नये आणि शहराच्या रंगेल वस्तीकडे वळू नये, ही मालकाची रोजची चिंता. ती भागवायला जे जे पुढे आले, त्यांत शिंगाकू, म्हणजे मनाची विद्या, नावाच्या चळवळीचा वाटा मोठा आहे. तिचा प्रवर्तक इशिदा बैगान (१६८५–१७४४) हा शेतकऱ्याचा मुलगा, आणि त्याने स्वतः क्योतोच्या पेढ्यांवर नोकरी केलेली. १७२९ साली त्याने आपल्या राहत्या घरी व्याख्याने सुरू केली. फी नव्हती, ओळखीचीही अट नव्हती. व्यापाऱ्याने मिळवलेला रास्त नफा हा सामुराईच्या वेतनाइतकाच मानाचा आहे, असे तो सांगे, आणि त्या समाजात व्यापाऱ्याची पायरी सर्वांत खालची होती हे लक्षात घेतले तर हे विधान धाडसाचेच म्हटले पाहिजे. त्याचा शिष्य तेजिमा तोआन (१७१८–१७८६) याने मुलांसाठी वेगळी व्याख्याने बांधली. या चळवळीची माणसे एकपानी छापील पत्रके फुकट वाटत. वर ठशाचे सुबक चित्र, खाली तोंडात बसणारे पद्य. म्हणजे आपण विचारलेल्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे, की ही चित्रे व्याख्यानाहून परतणारा पोरगा हातात घेऊन येई, आणि ती वाचून दाखवायला बहुधा कोणी तरी मोठा माणूस असे.

दुसरे उत्तर जरा गमतीचे आहे. १७९० साली सांतो क्योदेन नावाच्या लोकप्रिय लेखकाने शिंगाकूची शिकवण चित्रकथेत घातली. चित्रे किताओ मासायोशीची. पिवळ्या पुठ्ठ्याची, तळहातापेक्षा थोडी मोठी अशी ही पुस्तिका. तिचा नायक रितारो हा व्यापाऱ्याचा सज्जन मुलगा. त्याच्या शरीरात शिरण्यासाठी छोट्या उघड्या माणसांच्या दोन टोळ्या भांडत असतात, आणि या माणसांना चेहऱ्याऐवजी एक वाटोळी तबकडी असते. तिच्यावर ‘चांगला’ किंवा ‘वाईट’ हे अक्षर लिहिलेले. रितारोला दुपारची डुलकी लागताच वाईट आत्मे चांगल्या आत्म्याला बांधून ठेवतात, आणि तो थेट गणिकांच्या वस्तीची वाट धरतो. शेवटी त्याला मार्गावर आणणारा जो गुरू आहे, तो त्या वेळी एदोत गाजत असलेल्या शिंगाकू-व्याख्याता नाकाझावा दोनी याच्यावरून बेतलेला आहे. वाचकांनी पुस्तक डोक्यावर घेतले, तेही मुख्यतः वाईट आत्म्यांमुळे. पुढे होकुसाई या नामवंत चित्रकाराने नृत्य शिकवणारे सचित्र पुस्तक काढले, तेव्हा त्यात या वाईट आत्म्यांच्या नाचाचे पवित्रे घातले. चांगल्या आत्म्यांवर कोणी नाच बसवल्याचे माझ्या पाहण्यात नाही. आपण जे म्हणता, की मुले नीतिवाक्ये वाचत नाहीत, त्याला एदोचे हे उदाहरण जोडून ठेवावे.

या लेखकाचे पुढे काय झाले, हेही सांगण्यासारखे आहे. १७९१ साली रंगेल वस्तीवरील तीन पुस्तकांबद्दल क्योदेनला पन्नास दिवस हातकड्या घालून घरात बसावे लागले, आणि त्याचा प्रकाशक त्सुताया याची निम्मी मालमत्ता सरकारने जप्त केली. नीतीच्या पुस्तकाचा लेखक आणि अनीतीबद्दल शिक्षा झालेला लेखक एकच होता. सरकारचा डोळा चुकवण्यासाठी नीतीचे पांघरूण घ्यायचे, ही युक्ती एदोच्या प्रकाशकांना चांगली अवगत होती. म्हणून कोणत्याही ‘बोधचित्रा’पुढे उभे राहताना त्याचा खर्च कोणी केला आणि परवानगी कोणी दिली, हे मी आधी विचारतो.

प्रश्न : १८७३ सालच्या चित्रांत उंदीर, कुत्रा आणि दिवा होता, असे आपण लिहिलेत. मुलांना नीती शिकवताना उंदरांचे काय काम? माझा लाकडी सामानाचा कारखाना आहे आणि हाताखाली शिकणारी मुले आहेत, म्हणून विचारतो. (रावपुरा)

उत्तर : आपल्या प्रश्नात या विषयाचा गाभाच आला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तोकुगावा शोगुनांची सामुराई राजवट १८६८ साली कोसळली आणि मेइजी सरकार आले. १८७१ साली नाकामुरा मासानाओ या विद्वानाने सॅम्युअल स्माइल्स यांच्या ‘सेल्फ हेल्प’ या इंग्रजी पुस्तकाचा जपानी अनुवाद प्रसिद्ध केला. नाकामुरा १८६६ मध्ये शोगुनच्या सरकारने पाठवलेल्या विद्यार्थ्यांबरोबर लंडनला गेले होते आणि राजवट पडल्यावर परतले होते. मूळ पुस्तक १८५९ सालचे; न्हावी, कुंभार, खाणकामगार, विणकर अशा सामान्य कुळांतून वर आलेल्या माणसांच्या हकिकती त्यात भरलेल्या आहेत. जपानात अनुवादाचा प्रचंड खप झाला. १८७२ साली सक्तीच्या शिक्षणाचा कायदा आला, त्याच्या प्रस्तावनेतच विद्या हे आयुष्यात उभे राहण्याचे भांडवल आहे असे म्हटले होते. लगोलग शिक्षण खात्याने घरातल्या लहान मुलांसाठी ठशांच्या चित्रांची मालिका काढली, आणि तिच्यातील काही चित्रांसाठी स्माइल्स यांच्या हकिकती निवडल्या. चित्र मोठे, माणसे परदेशी पोशाखातली, आणि वरच्या भागात जपानीत गोष्ट.

ही निवड पाहण्यासारखी आहे. एका चित्रात किटलीच्या वाफेपुढे रमलेला लहानगा जेम्स वॉट. दुसऱ्यात रिचर्ड आर्कराइट हा मूळचा न्हावी. सूत कातण्याच्या यंत्राच्या नादात त्याने घर धुऊन काढले म्हणून बायकोने यंत्राचा नमुना मोडून टाकला, आणि तो तिला घराबाहेर काढतो आहे. तिसऱ्यात इतिहासकार टॉमस कार्लाइल : कुत्र्याने दिवा पाडला, हस्तलिखित पेटले, आणि तो हादरून पाहतो आहे. चौथ्यात पक्ष्यांची चित्रे काढणारा अमेरिकेचा जॉन जेम्स ऑड्युबॉन. आपली चित्रे त्याने पेटीत घालून एका नातेवाइकाकडे ठेवली होती. परत येऊन पेटी उघडतो, तो उंदरांनी कागद कुरतडून त्यात पिले घातलेली. स्माइल्स यांच्या हकिकतीप्रमाणे सुमारे दोनशे चित्रे गेली, आणि ती पुन्हा काढण्यात तीन वर्षे लागली.

कार्लाइलच्या चित्रातला कुत्रा मात्र त्याचा नव्हे. त्याच्या ‘फ्रेंच राज्यक्रांती’ या ग्रंथाच्या पहिल्या खंडाचे हस्तलिखित १८३५ साली जळाले हे खरे; ते त्याने तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांना वाचायला दिले होते, आणि मोलकरणीने रद्दी समजून चुलीत घातले असे सांगतात. मेणबत्ती पाडणारा कुत्रा आहे तो न्यूटनच्या आख्यायिकेतला. स्माइल्स यांच्या पुस्तकात या दोन गोष्टी एकामागोमाग येतात, त्यामुळे जपानी चित्रात त्यांची सरमिसळ झालेली दिसते. मला ही चूक उपकारक वाटते, कारण दूरच्या घरातली मोलकरीण चित्रात दाखवणे अवघड. कुत्रा, दिवा आणि ज्वाळा एका चौकटीत सहज बसतात.

आता उंदरांचे काम. याच्या अगोदरची बोधचित्रे घ्या. चीनमधून आलेल्या चोवीस मातृपितृभक्तांच्या कथा जपानात घरोघरी माहीत होत्या, आपल्याकडे श्रावणबाळाची असते तशा. १८४० च्या सुमारास कुनियोशी या चित्रकाराने त्या खास मुलांसाठी म्हणून एका मालिकेत काढल्या आणि त्यांत पाश्चात्त्य धर्तीचा छायाप्रकाश वापरून पाहिला. मोसोच्या आजारी आईला भर हिवाळ्यात बांबूचे कोंब खावेसे वाटतात. तो बर्फात रडतो आणि कोंब उगवतात. ओशो गोठलेल्या तळ्यावर उघडा पडून राहतो आणि बर्फ फुटून मासे वर येतात. काक्क्यो दारिद्र्यामुळे म्हातारीच्या तोंडचा घास वाचवण्यासाठी स्वतःचे मूल पुरायला निघतो आणि खड्ड्यात सोन्याचे भांडे लागते. म्हणजे मुलाने निष्ठा दाखवायची, आणि बक्षीस आकाशातून त्याच दिवशी यायचे. शिंगाकूच्या पत्रकांत आकाशाच्या जागी मालक असे, एवढाच फरक.

ऑड्युबॉनच्या पेटीत मात्र सोन्याचे भांडे निघत नाही. कोणताही देव किंवा मालक त्याची चित्रे परत आणून देत नाही. त्याला पुन्हा रानात जाऊन पहिल्या पक्ष्यापासून सुरुवात करावी लागते, आणि चित्रकाराने निवडलेला क्षण नेमका पेटी उघडण्याचा आहे, यश मिळाल्याचा नव्हे. माझ्या मते जपानी बोधचित्रांच्या परंपरेतला हा सर्वांत मोठा पालट आहे. तोच कागद, तीच रानचेरीची फळी, तेच कोरणारे हात. पण पोराला आता सांगितले जात होते, की तुझे केलेले काम वाया जाईल, त्यात दोष कोणाचाच नसेल, आणि तरी ते तुलाच पुन्हा करावे लागेल. कारखान्यात रंधा मारताना फळी चिरलेल्या मुलाला यातले काय उमगेल, हे आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता.

या अनुवादाचा परिणाम कागदावरच राहिला असे नाही. बापाच्या हाताखाली सुतारकाम शिकणारा साकिची तोयोदा (जन्म १८६७) याच पुस्तकाने भारून यंत्रमागाकडे वळला, असे त्याच्या चरित्रांत सांगितले जाते. १८९१ साली त्याला आपल्या लाकडी हातमागाचे पेटंट मिळाले. टोयोटा या मोटारींचे मूळ त्या मागात आहे.

प्रश्न : आर्कराइटच्या बायकोने काय गुन्हा केला? घरात खायला नाही, नवरा लाकडाची खेळणी करत बसला आहे, आणि तिला माहेरी धाडणे हा मुलांपुढे आदर्श? मुलींसाठी अशी चित्रे होती का? (वाडी)

उत्तर : आपला राग योग्य आहे. स्माइल्स यांनीही तिचा हेतू लिहिला आहे : घरच्या हालअपेष्टांचे कारण दूर व्हावे म्हणून तिने नमुने मोडले. त्यांनी एका वाक्यात सांगितलेली ताटातूट जपानी चित्रात मात्र मुख्य प्रसंग झाली, आणि नवऱ्याने बायकोला माहेरी पाठवून देणे ही जपानी वाचकांना पूर्ण ओळखीची गोष्ट असल्याने परक्या देशाची कथा त्यांना एकदम घरची वाटली असावी. उंदीर, आग आणि बायको या तिघांना एकाच रांगेत बसवणाऱ्या सरकारी खात्याबद्दल फार चांगले बोलता येणार नाही.

मुलींना उद्देशून बोधचित्रे पूर्वीपासून होती. १८०२ च्या सुमारास उतामारो या चित्रकाराने ‘आईबापांचा बोधाचा चष्मा’ अशा अर्थाच्या नावाची मालिका काढली. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात एक चष्मा, आणि मजकुरात आळशी, चटोर, उनाड मुलीला लावलेले बोल. चित्रांतल्या तरुणी मात्र इतक्या मोहक आहेत, की गिऱ्हाइकाने पैसे बोधासाठी मोजले असतील यावर माझा विश्वास बसत नाही. उलट १८४२ सालच्या सुधारणांत सरकारने नट आणि गणिका यांच्या चित्रांवर बंदी घातली, आणि त्याऐवजी निष्ठा, मातृपितृभक्ती व पातिव्रत्य या विषयांवर स्त्रिया आणि मुले यांच्या उपयोगाची चित्रे काढा असे बजावले. रंगांच्या ठशांची संख्या आणि विक्रीची किंमत यांवरही मर्यादा आली. त्या वर्षांत सद्गुणी स्त्रियांची चित्रे एकाएकी वाढली, त्याचे कारण हे.

प्रश्न : मी ठसाचित्रण शिकते. ही चित्रे कोरणारे आणि छापणारे स्वतःही उमेदवारच असणार. त्यांना कोण आणि कसे शिकवत असे? (प्रतापगंज)

उत्तर : आपण योग्य जागी बोट ठेवले आहे. एका चित्रामागे चौघे असत : पैसा घालणारा प्रकाशक, रेखाटन करणारा चित्रकार, फळी कोरणारा आणि कागदावर उतरवणारा. चित्रावर नाव बहुधा चित्रकाराचे आणि प्रकाशकाचे. १७६५ साली सुझुकी हारुनोबू या चित्रकाराच्या काळात अनेक रंगांची छपाई सुरू झाली, आणि तेव्हापासून प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा लागू लागला. सगळे ठसे एकमेकांवर अचूक बसावेत म्हणून फळीच्या कोपऱ्यात आणि कडेला दोन खुणा कोरलेल्या असतात, त्या आपण वर्गात पाहिल्याच असतील.

कोरणाऱ्याच्या कारखान्यात नवा मुलगा प्रथम हत्यारांना धार लावी. मग रेषांमधले निरुपयोगी लाकूड काढून टाकण्याचे काम. पुढे कपड्यांच्या घड्या, झाडे, अक्षरे. चेहरा आणि केसांची मुळे हा उस्तादाचा प्रांत, कारण कपाळापाशी एक मिलिमीटरमध्ये दोन-तीन केस उभे ठेवायचे असतात. छापणाऱ्याकडचा मुलगा सरस आणि तुरटीचे पाणी कागदाला लावी, कागद दमट ठेवी, आणि बांबूच्या पानात गुंडाळलेली वाटोळी गादी फळीवर फिरवण्याचा दाब अंगात मुरेपर्यंत साधे एकरंगी काम करी. यात चित्र दाखवून शिकवणे जवळजवळ नव्हते. शेजारी बसून पाहायचे आणि हात चालवायचा. स्वतः होकुसाई चौदा वर्षांच्या सुमारास लाकूड कोरणाऱ्याकडे उमेदवार होता, आणि एकोणिसाव्या वर्षाच्या आसपास कात्सुकावा शुन्शो या चित्रकाराकडे गेला. कोरणाऱ्यांना त्याने पुढे ज्या बारीक सूचना दिल्या, त्या या पूर्वायुष्याशिवाय देता आल्या नसत्या.

म्हणून मला असे वाटते, की ऑड्युबॉनच्या उंदरांचे चित्र कोरणाऱ्या कारागिराला त्या गोष्टीचा अर्थ चित्र विकत घेणाऱ्या बापापेक्षा जास्त कळला असेल. ठसा संपत आला असताना पाते निसटले, तर त्या फळीवरची आधीची मेहनत वाया जाण्याची भीती असे.

आपल्या शहरापुरते एवढेच जोडतो, की १८९० साली सयाजीराव महाराजांनी त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन काढले, तेव्हा जपानी सरकारपुढे होता तोच प्रश्न बडोदे संस्थानापुढे होता : बापाकडून मुलाकडे जाणारे कसब वर्गात कसे आणायचे. छायाचित्रण आणि दगडी छपाई यांचे धडे घेणारे दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी. महाराजांनी १९१० साली जपानचा दौराही केला. तोपर्यंत जपानात वारे फिरले होते. १८८२ साली सम्राटाच्या वतीने शाळांना निष्ठा आणि भक्ती यांच्या गोष्टींचा एक सचित्र ग्रंथ वाटला गेला होता, १८९० साली शिक्षणाविषयीचे सम्राटाचे आज्ञापत्र निघाले होते, आणि वॉट व आर्कराइट मागे पडून पाठीवर लाकडाची मोळी घेऊन चालता चालता वाचणारा निनोमिया किन्जिरो हा घरचा मुलगा पुढे आला होता. ती मोळीवाली प्रतिमा १८९१ सालच्या एका चरित्रग्रंथाच्या मुखचित्रावरून लोकप्रिय झाली. किन्जिरो वाचतो, कष्ट करतो, आणि त्याचे काही जळत किंवा कुरतडले जात नाही. सरकारला असा मुलगा अधिक सोयीचा होता.

प्रश्न : आमच्या लहानपणी बाजारात करणी-भरणीची चित्रे मिळत; पापाच्या शेजारी नरकातली शिक्षा. ती आणि ही जपानी चित्रे एकाच जातीची का? आमच्या वर्कशॉपमध्ये एखादे जपानी चित्र लावावे असे मनात आहे; कोणते लावू? (मांडवी)

उत्तर : करणी-भरणीचे नाते क्योदेनच्या वाईट आत्म्यांशी जास्त जवळचे आहे. दोन्हींत पाहणाऱ्याची नजर आधी पापाकडे जाते, आणि चित्रकाराचेही मन तिथेच रमलेले असते. उकळत्या कढईवर त्याने जेवढी मेहनत घेतली, तेवढी स्वर्गाच्या विमानावर कधी घेतली नाही. उमेदवाराच्या आयुष्याशी ताडून पाहायचे तर आपला मोक्षपट जवळचा. जपानातही फासे टाकून खेळायचे सचित्र पट छापले जात, आणि त्यांतल्या काहींत पोऱ्याच्या पहिल्या घरापासून निघून मोठा व्यापारी होण्याच्या शेवटच्या घरापर्यंत पोचायचे असे. त्यात फासा कसाही पडू शकतो, हे कोणी लपवत नसे. हे पट नवीन वर्षाच्या सुट्टीत मुले खेळत आणि त्यांतले सगळे टप्पे त्यांना पाठ होत.

कोणते चित्र लावावे, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. आर्कराइट लावू नये. कारणे वाडीच्या वाचकभगिनींनी सांगितलीच आहेत. चोवीस भक्तांतला काक्क्यो तर मुळीच नको. ऑड्युबॉन लावण्यासारखा आहे, पण गोष्ट सांगणारे कोणी शेजारी हवे, नाही तर मुलांना फक्त उंदीर दिसतील. मी निवडीन तो याच शिक्षण खात्याचा १८७३ सालचा दुसरा संच, ज्याची कुणाला फारशी आठवण नसते. उतागावा कुनितेरू (दुसरा) याने काढलेल्या या चित्रांत घर बांधण्याची कामे मुलांना समजावून दिली आहेत : आराखडा मांडणे, लाकूड कापणे, पाया घालणे, भिंतीला गिलावा करणे, छप्पर आणि ताताम्या, म्हणजे जमिनीवरच्या जाड चटया, बसवणे. प्रत्येक कारागीर आपापले हत्यार धरून कामात गढलेला आहे, हत्यार कसे धरले आहे ते स्पष्ट दिसते, आणि मजकूर कामाची माहिती देतो. यात कोणी पापी नाही आणि कोणाला बक्षीस मिळत नाही. सुतारकाम शिकणारा मुलगा अशा चित्रापुढे उभा राहिला, तर तो जपानी करवत पाहून आधी हेच विचारील, की हिचे दाते उलटे का, आणि हा माणूस ती स्वतःकडे ओढून का कापतो. त्या प्रश्नाचे उत्तर देता देता त्याला दोन्ही करवतींमागचा हिशेब सांगता येईल : आपली करवत ढकलताना कापते, म्हणून तिचे पाते वाकू नये इतके जाड लागते, ओढताना पाते ताणले जाते, म्हणून ते पातळ ठेवता येते आणि लाकडाचा भुसा कमी पडतो.

ही चित्रे अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या संग्रहात आहेत आणि त्यांच्या संकेतस्थळावर पाहता येतात. सयाजीबागेतील वडोदरा संग्रहालयात जपानी कलावस्तूही आहेत. त्यांच्यावरील कारागिरी मुलांना दाखवून आणल्यास विषयाला आरंभ बरा होईल. प्रत काढून घेणार असाल तर मूळ चित्राचा आकार साधारण ३९ बाय २६ सेंटिमीटर असतो, तेवढीच काढावी, आणि चकचकीत कागद टाळावा. त्यावर ट्यूबलाइटचा उजेड पडला की कोपऱ्यातली हत्यारे दिसत नाहीत.